पिवळी बांगडी

अकोल्यात आताशा बाईच्या तोंडाकडे कोणी आधी बघत नाही, मनगटाकडे बघतं. बांगडी हिरवी उजळली की शेजारणी डोळे मिचकावतात, पिवळी उजळली की उगाच मायेने बोलतात. वृंदा तायडेची बांगडी सकाळपासून पिवळी होती आणि ती बाहीखाली झाकायचंही तिने सोडून दिलं होतं.

या बांगडीचं नाव बीजदीप. बीजकोशाजवळ बसवलेला तांदळाच्या दाण्याएवढा कण शरीरातले बदल टिपतो, स्त्रीबीज कधी सुटणार ते आदल्या दिवशी कळवतो, आणि ते कितपत सुदृढ आहे तेही बांगडीच्या रंगातून सांगतो: हिरवा म्हणजे उत्तम, पिवळा म्हणजे त्याहून कमी. पूर्वीच्या बायका दिवस मोजायच्या, अंगाचं तापमान बघायच्या आणि अंदाजावर राहायच्या. आता अंदाज संपला आणि घरातली शांतताही संपली.

वृंदा कबड्डीची प्रशिक्षक. गेली चार वर्षं तिने फॉलिक अ‍ॅसिडची गोळी चुकवली नाही, चहा कमी केला, झोप सांभाळली, मैदानावर पोरींच्या बरोबरीने धावली. बांगडी आपली पिवळीच. नवरा मंगेश दर वेळी हिरवीची वाट बघू म्हणायचा, आणि आज तर तो बॅग भरून अमरावतीला भावाकडे निघून गेला होता, पिवळ्या दिवशी मोह नको म्हणून. तिची चाळिशी तोंडावर आली होती. आता बीजं उरलीच थोडी. म्हणून ती थेट बीजदीप बनवणाऱ्या डॉ. बोंद्रेंच्या खोलीत घुसली, भांडायलाच.

"माझ्यात काय खोट आहे?" तिने उभ्यानेच विचारलं.

"काहीच नाही. तुमचं बीज उत्तम आहे."

"मग पिवळं का?"

बोंद्रेंनी सांगितलं, की हिरव्याचं माप ठरलेलं नसतं. त्या महिन्यात देशभरात जी बीजं तयार होतात, त्यांतला वरचा चौथा हिस्सा तेवढा हिरवा. सगळ्याच बायका व्यायाम करू लागल्या, नीट खाऊ लागल्या, तशी रेषा वर सरकत गेली.

"म्हणजे मी धावतेय आणि तुम्ही शर्यतीची रेषाच उचलून पळताय," वृंदा म्हणाली. "लाज नाही वाटत? हिरवी करा. मंगेश संध्याकाळपर्यंत परत येईल."

एक बटण दाबायचं काम आहे, बोंद्रे म्हणाले. पण मुलाच्या जन्मनोंदीत खरा रंग येतोच.

"येऊ दे. पिवळ्याच्या पोराला काय शेपूट फुटतं?"

"नाही. माझी मुलगी पिवळ्याचीच आहे. सातवीत आहे, हुशार आहे." ते तिच्याकडे न बघता बोलत होते. "परवा तिने विचारलं, बाबा, तुम्ही हिरव्यासाठी का नाही थांबलात? मी म्हटलं, थांबलो असतो तर तू जन्मलीच नसतीस."

"मग?"

"म्हणाली, तेच तर म्हणतेय मी."

वृंदाला त्यांच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. एवढं यंत्र बनवलं आणि पोरीला द्यायला एक उत्तर नाही. बोंद्रेंनी बटणावर बोट ठेवलं आणि विचारलं, "करू हिरवी?"

गेली चार वर्षं ती याच हिरव्यासाठी जिवाचा आटापिटा करत होती. पण अजून पोटातही नसलेल्या लेकराची तिला भीती वाटली, आणि तिच्या तोंडून 'हो' काही निघेना.