उतारावरचं स्ट्रेचर

त्या दिवशी सकाळपासून वारा पडलेला होता. झाडाचं पान हलत नव्हतं. बारा मार्च, मंगळवार. माझ्या ओळखीतल्या एका वॉर्डबॉयची ही गोष्ट, पोरांनो. साठीला टेकलेला माणूस, सगळे त्याला मामा म्हणायचे. घडलं तसं सांगतो.

इस्पितळात खरेदीआधी नमुन्याची दोन स्ट्रेचरं आली होती. एक चकचकीत, हलकं, पण कठडे जेमतेम वीतभर. दुसरं दणकट, कठडे उंच, चारही चाकांना ब्रेक. इस्पितळाच्या साहेबांचा जीव चकचकीत स्ट्रेचरवर. ‘चालवून पाहिलं, उत्तम आहे’ अशा कागदावर त्यांना मामांचा अंगठा हवा होता.

“न चालवताच, साहेब?”

“तुला वाचता तरी येतं का रे? अंगठा दे नि सूट.”

“वाचता येत नाही. पण अंगठा माझा आहे. सकाळी सांगतो.”

वर्षापूर्वी इस्पितळाच्या वरच्या मजल्यावरून खाली येणाऱ्या उताराच्या वळणावर, अशाच बुटक्या कठड्यांच्या स्ट्रेचरवरून, मामांच्या शेजारणीची म्हातारी आई, मामा जिला मावशी म्हणायचे, खाली पडली होती. मामांच्या हातून. ती वाचली नाही. मामांना तेव्हापासून धड झोप नव्हती.

रात्री पावणेदोनला उतार मोकळा झाला. मामांनी धुतलेली चादर घातली आणि चकचकीत स्ट्रेचर रिकामंच खाली सोडत आणलं. वळण आलं.

स्ट्रेचर जड झालं.

माणसाएवढं जड. चाकं सरकली. चादर एका अंगाला ओढली जाऊ लागली... कुणी नव्हतं.

मामांनी पाय रोवले.

“मावशी?”

...

“मी पळणार नाही. हे नकोच. थांबा, दुसरं आणतो.”

दुसरं आणलं. तीच चादर पसरली.

“या.”

गादी दबली. हळूच.

कठडे वर. खट्. खट्.

पाऊल... पाऊल... वळण गेलं. खाली ब्रेक लावला. तसूभर हललं नाही. मग एकदम हलकं झालं.

सकाळी मामांनी दणकट स्ट्रेचरवर थाप मारली. “अंगठा याला. त्याला नाही.”

“नोकरी जाईल!”

“जाऊ दे. नाहीतर तुम्ही झोपा त्याच्यावर, मी उतारावरून नेतो.”

साहेब झोपले नाहीत. कागद बदलला.

धुवायला चादर काढली, तर एका टोकाला गाठ. अर्धवट सुटलेली. मामांनी मारलेली नव्हती. संध्याकाळी ती चादर त्यांनी काही न सांगता शेजारणीपुढे धरली. तिने बराच वेळ गाठीवरून बोट फिरवलं.

“भीती वाटली की आई चादरीला अशी गाठ मारून मुठीत धरायची, मामा. आणि भीती गेली की अशीच अर्धी सोडून झोपी जायची.”