तीर्थाचा हात

"खरं सांग जानकी... काय खाल्लंस?"

निवृत्तीरावांच्या हातातल्या यंत्रावर दोनशे एक्क्याण्णव हा आकडा आला होता, आणि समोर जानकीबाई टोचलेलं बोट अंगठ्यानं दाबून उभ्या होत्या. विठ्ठलापुढची समई अजून तेवत होती, घरात सगळ्यांना तीर्थ देऊन झालं होतं, आणि जानकीबाईंच्या पोटात रात्रीच्या भाकरीनंतर पाण्याशिवाय काही म्हणजे काही गेलेलं नव्हतं!

"देवाशपथ काही नाही हो. पाणी प्यायले अष्टे, तेवढंच."

"मग ही साखर काय आभाळातून पडली? पंचामृत तूच कालवतेस, तूच वाटतेस. बोटं चाटल्याशिवाय होतं हे?"

सून भव्या दारात उभी होती. यंत्र तिनंच मोठ्या हौसेनं आणलं होतं. ती हळूच म्हणाली, "अत्ते, गोड खाल्लं असेल तर सांगा ना. कोणी रागवणार नाही."

रागवणार नाही! साठी ओलांडलेल्या बाईला सुनेनं असं लहान मुलीसारखं समजवावं, यापेक्षा चार शब्द रागाचे परवडले असते.

निवृत्तीराव दुष्ट नव्हते, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कन्नड मुलखातल्या मंडी मोहल्ल्यातलं त्यांचं शिवणकामाचं दुकान, घरचा विठ्ठल आणि जानकी, एवढंच त्यांचं विश्व. पण याच दुखण्यानं त्यांच्या धाकट्या भावाचा आधी पाय नेला आणि मग जीव नेला. तो गेल्यावर त्याच्या उशाखाली जिलेबीचा पुडा सापडला होता. तेव्हापासून साखरेचं दुखणं आलेला माणूस खोटं बोलतो, ही त्यांची पक्की समजूत होऊन बसली होती. बायकोवर ते ओरडत होते ते भीतीनं... पण भीती अशी रागाचा वेष घेऊन आली की समोरच्यानं ती ओळखावी तरी कशी?

"उद्यापासून पंचामृताला तू हात लावायचा नाहीस," ते म्हणाले. "तीर्थ मी देईन."

जानकीबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. लग्न होऊन या घरात आल्यापासून देवाचं तीर्थ त्यांच्या हातानं वाटलं जात होतं. आजार कळल्यापासून त्या ते पीतही नव्हत्या, ओली बोटं नुसती डोळ्यांना लावायच्या, डोक्यावरून फिरवायच्या. हे निवृत्तीरावांना ठाऊक नव्हतं का? त्या देवघराकडे वळल्या, विठ्ठलापुढे हात जोडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "पांडुरंगा, आजपासून साखरेचा कणही माझ्या तोंडात जाणार नाही. जीव गेला तरी!"

त्याच दिवशी भव्यानं डॉक्टरांना फोनवर आठवड्याभरातले आकडे सांगितले. त्यांनी गोळी वाढवली आणि रक्त तपासायला पुढच्या आठवड्यात बोलावलं.

आणि दैव तरी कसं पाहा! दुसऱ्या दिवशी तीर्थ निवृत्तीरावांनी दिलं, जानकीबाईंनी हात पुढे केलाच नाही, नंतर त्यांचं बोट टोचलं, तर साखर एकशे तीस.

"बघितलंस?" निवृत्तीराव एवढंच म्हणाले. त्यात विजय नव्हता, उलट सुटल्याचा निःश्वास होता. पण तो शब्द जानकीबाईंच्या काळजात रुतला. आपण चोर आहोत, हे आता आकड्यानंच सिद्ध केलं होतं. कुणाकडे दाद मागायची? डोळे कोरडे ठेवून त्यांनी भाकरी थापायला घेतली.

त्यांच्या मनातलं ओळखलं ते शेजारच्या नागरत्नांनी. नागरत्ना कन्नड, बोलायला फटकळ आणि मनानं लोण्याहून मऊ. "बन्नी जानकम्मा," म्हणत त्यांनी जानकीबाईंना सकाळी देवळाजवळच्या पिंपळाच्या पारावर नेलं. तिथे सात-आठ जणी जमायच्या, सगळ्या साखरवाल्या. गल्लीत त्याला शुगर कट्टा म्हणत. कुणी रात्री फ्रिज उघडल्याचं हसत हसत कबूल करायची, कुणी पायाची जखम दाखवायची, कुणी आज आकडा बरा आला म्हणून टाळी द्यायची. आकडा वाढला तर तिथे "काय खाल्लंस?" असं कुणी दरडावत नव्हतं. "काय झालं गं?" असं विचारायच्या! तेवढ्या एका प्रश्नासाठी जानकीबाई रोज जाऊ लागल्या. पण घरातला कलंक मात्र त्यांनी तिथेही उघड केला नाही. नवऱ्याची अब्रू पारावर कशी मांडायची?

रक्ततपासणीचा दिवस अजून यायचा होता आणि वाढवलेली गोळी तशीच चालू होती. असंच एका सकाळी, बोलणं ऐकता ऐकता त्यांना दरदरून घाम फुटला. हात कापू लागले, समोरचा पिंपळ अंधुक झाला. नागरत्नांनी घाईघाईनं पिशवीतलं यंत्र काढलं, बोट पुसलं, टोचलं... चोपन्न!

"अय्यो! साखर पार उतरली. तोंड उघडा जानकम्मा!" त्यांनी साखरेची पुडी फोडली.

जानकीबाईंनी ओठ घट्ट मिटले आणि मान हलवली. "नको. देवापुढे शपथ घेतलीय."

"शपथ? जीव चाललाय इथे!"

"जाऊ दे... पण साखर खाल्ली असं नको कुणी म्हणायला..."

सगळ्या जणी विनवण्या करू लागल्या. एकीनं दुकानात फोन लावला. दुकान जवळच, पण निवृत्तीराव धावत आले ते चप्पल न घालता, गळ्यात मापाची टेप तशीच. मागोमाग भव्या. बायकोचा घामानं भिजलेला चेहरा आणि मिटलेले ओठ पाहिले आणि ते मटकन खाली गुडघ्यांवर बसले.

"जानकी, तोंड उघड."

"आता खाल्ली तर... मी खरंच चोर ठरेन हो..."

"चोर मी ठरतोय गं! माझ्या हातानं खा. शपथ मोडल्याचं पाप मला लागू दे, पांडुरंगाला मी सांगतो... पण मला एकट्याला टाकून जाऊ नकोस!" घामेजलेल्या मुठीत साखर घेऊन त्यांनी ती चिमटी चिमटीनं तिच्या ओठांत घातली, आणि इतक्या वर्षांत चारचौघांत बायकोचं नावही न घेणारा तो माणूस हुंदके देऊन रडू लागला.

पंधरा-वीस मिनिटांत जानकीबाईंच्या चेहऱ्यावर रंग आला. पुन्हा तपासलं, आकडा वर चढला होता. तेव्हा कुठे नागरत्ना निवृत्तीरावांकडे वळल्या. "साखर एवढी उतरली कशी? गोळी वाढवली होती का?"

"हो. सकाळची साखर तीनशेला भिडायची. रोज मीच बघायचो."

"केव्हा बघायचात?"

"पूजा झाल्यावर. आधी रक्ताचा थेंब काढला तर विटाळ नाही का? हिनं तीर्थ वाटलं की लगेच."

"हात धुऊन?"

"तीर्थाचा हात कोण धुतं हो!" निवृत्तीराव चकितच झाले. "तो डोक्याला पुसायचा."

नागरत्नांनी निवृत्तीरावांचाच हात ओढला, नुकती साखर भरवलेलं बोट टोचलं आणि यंत्र त्यांच्यापुढे धरलं. तीनशे बावीस! ज्यांना साखरेचं दुखणं कधी शिवलंही नव्हतं, त्यांच्या बोटावर तीनशे बावीस! नळावर साबणानं हात धुऊन, पुसून, दुसरं बोट टोचलं. अठ्ठ्याण्णव.

"पंचामृतात मध असतो, साखर असते," नागरत्ना हळू आवाजात म्हणाल्या. "मी एकदा आंबा चिरून तसंच तपासलं होतं. दिवसभर रडले."

निवृत्तीराव त्या दोन बोटांकडे पाहतच राहिले. जानकीच्या तोंडात काही गेलं नव्हतं... जे होतं ते बोटांवर होतं! आणि त्या बोटांनी फक्त देवाचं तीर्थ दिलं होतं.

भव्या सासूच्या पायांशी बसून रडत होती. "अत्ते, मलाही सुचलं नाही. आधी डॉक्टरांना फोन करते, गोळीचं सांगते."

"जानकी..." निवृत्तीरावांनी सगळ्यांच्या देखत हात जोडले. "धाकट्याच्या उशाखाली ती जिलेबी सापडली ना, तेव्हापासून मला सगळीकडे तीच दिसायची. तू खरं बोलत होतीस आणि मी यंत्राचं ऐकलं. मला क्षमा कर गं."

जानकीबाईंनी त्यांचे जोडलेले हात खाली केले. आवाज क्षीण होता, पण त्यात कापरं नव्हतं.

"यंत्राला काय कळतंय? ते बोटावरचं सांगणार. तुम्ही माझ्या तोंडाकडे एकदा नीट बघितलं असतंत, तर हात धुवायचीही गरज पडली नसती."

निवृत्तीरावांची मान खाली गेली. डोळे पुसत ते म्हणाले, "चल, घरी जाऊ. रिक्षा आणतो."

"आधी डॉक्टरांचा फोन होऊ दे. आणि माझं बोलून व्हायचंय." जानकीबाईंनी कट्ट्यावरच्या मैत्रिणींकडे पाहिलं. इतके दिवस घशात अडकलेलं सारं आज सांगायचं होतं, आणि तेही नवऱ्यासमोर! "घाई असली तर तुम्ही व्हा पुढे. नसली तर बसा इथे, आणि ऐका."

निवृत्तीरावांनी गळ्यातली टेप काढून खिशात घातली, आणि ते तिच्या शेजारी बसले.