केस धुऊन या

तो पेशंट नव्हताच. वडिलांना घेऊन आला होता आणि बाहेरच्या बाकावर मुकाट बसला होता. त्या दिवशी नोंदीसाठी बोलावलेल्या माणसानं ऐनवेळी दांडी मारली, म्हणून मी यालाच पकडलं.

"तुमच्या मेंदूचे तरंग नोंदवाचे आहे. दुखत नाई काही. बसता का?"

"मेंदू असला तं घ्या ना," तो म्हणाला.

अशी सुरुवात! मी दामिनी. मूळची अमरावतीची, अकोल्यातल्या एका मेंदूविकार संशोधन प्रयोगशाळेत तंत्रज्ञ. तो विपुल, पातूरला पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणारा. त्याच्या वडिलांचे, शालिकरामकाकांचे, हात कंपवातानं थरथरतात. अशा पेशंटांच्या तरंगांशी ताडून बघायला आम्हाला धडधाकट माणसंही लागतात.

काय करणार, कशासाठी करणार, सगळं मी त्याला समजावलं. तो मान डोलवत राहिला. मग तारांची टोपी घालायला त्याच्या केसांत बोटं घातली आणि... शी! हात तेलानं माखला. तेलकट डोक्यावर तारा नीट टेकत नाहीत.

"माय तेल लावल्याबिगर घराबाहेर पडू देत नाई," तो ओशाळून म्हणाला.

"पुढच्या वेळी केस धुऊन या."

पुढच्या वेळी आला तो चपचपीत तेल लावून. त्यानंतरही तसाच.

"आता कावून?" मी वैतागले.

"इसरलो..." तो हसला. "मोटारीलेही इतके वायर नाई लागत, मॅडम. तुमाले कसं समजते सारं?"

आमच्या मदतनीस आशाबाई तोंडाला पदर लावून म्हणाल्या, "पोरी, इतकं इसरभोळं कोणी नसते. तुले पाहाले येते तो!"

खरंच? मला काही कळेना. माझ्याकडे बघताना त्याचे डोळे हसायचे, पण मशीनकडे नजर गेली की चेहरा उतरायचा. आणि मी? तो येणार त्या दिवशी सकाळपासून आरशासमोर. मला नेमकं झालंय तरी काय, तेही कळत नव्हतं.

मग एके दिवशी तो लख्ख केस धुऊन आला. मला आनंद व्हायला हवा होता ना? उलट टोपी हातात घ्यावीशीच वाटेना. काकांची तपासणी कधीच आटोपली होती. आज याची नोंद झाली की हा पुन्हा कशाला येतोय?

"आज बरं धुतलं!" मी फणकारले.

"मी इसरत नव्हतो, दामिनी." आज मॅडम नाही! "भीत होतो. बाबाचं दुखणं माह्यातही निघालं तं... तेही तुमच्यासमोर?"

म्हणजे ते तेल माझ्यासाठी नव्हतंच! मला रडू यायला लागलं.

"मंग आज कावून आले?"

"तुमाले एक विचाराचं आहे. पण आधी हे समजलं पायजे. लपवून कसं विचारू?"

"अहो, ही मशीन पुढचं काही सांगतच नाई! पयल्याच दिवशी सांगतलं होतं मी."

"तवा मी आयकून नाई, पाहून राहिलो होतो."

माझे कान तापले. तो मात्र हसत नव्हता.

"मंग कोण सांगन?"

"कोणीच नाई. बाबाले आहे म्हणून तुमाले होईलच असं नाई. अन् होणारच नाई, असंही मले सांगता येत नाई." खोटं बोलून त्याला धीर द्यावासा वाटला, पण जीभ रेटेना.

तो मग उठलाच.

"मंग राहू द्या. उद्या माहे हात कापाले लागले तं..."

मी टोपी टेबलावर टाकली आणि त्याचे दोन्ही हात धरले. ते थरथरत होते... भीतीनं. माझेही.

"तं असे धरीन," मी म्हणाले. "आता विचारा."