मूल नावाचा कप्पा

पडद्यावर चौथ्यांदा तेच उमटलं: रिकामे.

"रिकामे म्हणजे काय हो?" शैलजाने काउंटरवर हात आपटला. "मी त्यांची मुलगी आहे. एकुलती एक! माझी एकही आठवण नाही त्यांच्या डोक्यात?"

"मशीन सांगतं ते मी वाचतो, बाई," काउंटरमागचे कुंभोजकर चष्मा पुसत म्हणाले. "माझ्या पदरचं काही सांगत नाही."

हाच माणूस गेले पाच आठवडे हेच वाक्य याच सुरात बोलत होता. शैलजाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण करते काय? मिरजेच्या या स्मृतिकेंद्राशिवाय दुसरीकडे कुठे हे काम होत नव्हतं.

विस्मरणाचा आजार आता पूर्वीसारखा असाध्य राहिला नव्हता. माणूस धडधाकट असतानाच त्याच्या सगळ्या आठवणी उतरवून ठेवायच्या. त्या उताऱ्याला म्हणायचं कोठीपत्र. पुढेमागे आजाराने मेंदू पुसला गेला, तर मेंदूला मऊ करणारं औषध द्यायचं आणि कोठीपत्रातून एकेक आठवण परत भरायची. ही परतभरणी. औषध जन्मात एकदाच देता येतं आणि त्याचा असर चाळीस दिवस टिकतो. शैलजाच्या वडिलांचा, पद्माकर आरवाड्यांचा, आज चाळिसावा दिवस होता. पाच वाजता असर संपणार होता आणि आत्ता वाजला होता सव्वा.

बरं, बाकीचं सगळं परत आलं होतं हो! पाणीपुरवठा खात्यात पस्तीस वर्षं ज्या पंपांवर काम केलं, ते पंप त्यांना नंबरासकट आठवत होते. बायको आठवत होती, ती अठरा वर्षांपूर्वी गेली हेही आठवत होतं. शेजारचा गजा तांबोळी आठवला. गजाची बकरी आठवली! बकरीने कुंपणावरचं धोतर खाल्लं होतं, तो किस्सा त्यांनी नर्सला दोनदा रंगवून सांगितला. आणि शैलजा समोर बसली की नुसते बघत राहायचे.

शैलजाला एकच गोष्ट हवी होती. सत्तावीस वर्षांपूर्वी, बाविसाव्या वर्षी, ती घरच्यांना न सांगता लग्न करून निघून गेली होती. नऊ वर्षं बापलेकीत शब्द नव्हता. आई गेल्यावर ती परत येऊ लागली, दर गुरुवारी, डबा घेऊन. बाबा डबा ठेवून घ्यायचे, जावई बरे आहेत का विचारायचे. झालं. त्यांनी माफ केलं की नाही, हे त्यांनी कधी सांगितलं नाही आणि हिने विचारलं नाही. विचारू, विचारू म्हणेपर्यंत त्यांचं डोकंच कोरं झालं.

"मला मोठ्या डॉक्टरांना भेटायचंय," ती म्हणाली. "आत्ता. नाहीतर मी इथेच बसते, बघा."

ती खरोखरच काउंटरसमोर फरशीवर बसली. कुंभोजकरांनी मुकाट्याने फोन उचलला.

डॉक्टर नसीमा मुजावर साठीच्या होत्या. कोठीपत्र वाचायची सगळी रीत त्यांनीच बसवलेली. त्यांनी शैलजाला खोलीत नेलं, पाणी दिलं आणि पद्माकरांचं कोठीपत्र पडद्यावर उघडलं.

"हे बघा ताई. आठवण सुटी नसते. एकीच्या पोटात दुसरी, दुसरीच्या पोटात तिसरी. कोठीत कप्पा, कप्प्यात डबी, डबीत पुडी. प्रत्येकीच्या आधी तिच्या नावाची उघडायची खूण, नंतर मिटायची खूण. आम्हाला थेट पुडीला हात घालता येत नाही, बाहेरून आत पूर्ण वाट सांगावी लागते. तुमच्यासाठीची वाट अशी: घर, घरात मूल, मुलात नाव, नावाखाली बाकी सगळं."

"ती वाट चार वेळा सांगितली की! चारही वेळा रिकामे."

"हं. मी कच्चं पान बघते, सगळ्या खुणांसकट." त्या बोटाने पडदा खाली सरकवत गेल्या. मग बोट थांबलं.

"काय झालं?"

"शैलजाताई, यांना मुलं किती?"

"मी एकटी. सांगून सांगून तोंड दुखलं माझं."

"इथे 'मूल' दोनदा आहे."

शैलजा पडद्याकडे वाकली. दोनदा? म्हणजे आणखी कोणी होतं? आईला माहीत होतं? बाबांच्या रात्रपाळ्या, सांगलीच्या फेऱ्या, सगळं एका क्षणात डोळ्यांपुढून गेलं आणि तिला बापाचा भयंकर राग आला.

"दोन असले म्हणून काय झालं?" तिने कसंबसं विचारलं. "मी तरी सापडायला हवी होते ना?"

नसीमाबाईंनी चष्मा काढला. "चूक माझी आहे. ऐका. एकाच नावाची डबी एकदाच असली, तर यंत्र ती सरळ हातात देतं. दोन असल्या, की दोन्हींची रांग करून देतं. आता रांगेला काही स्वतःचं नाव नसतं. रांगेतली कितवी, ते सांगावं लागतं, नाहीतर पुढची वाट बंद. आम्ही ही रीत पहिल्या शंभर कोठीपत्रांवर तपासली. शंभरही घरांत एकच मूल होतं. हल्ली असतंच किती घरांत दुसरं? त्यामुळे 'कितवं' हे विचारायचं आमच्या डोक्यातच आलं नाही."

"मग यंत्राने चूक झाली म्हणून सांगायचं! रिकामे कशाला?"

"सांगत होतं," नसीमाबाई हळू आवाजात म्हणाल्या. "सुरुवातीला वाट कुठेही अडली, की पडद्यावर 'चूक' यायचं. ते वाचून नातेवाईक घाबरायचे, रडायचे. म्हणून मीच तो शब्द बदलायला लावला. म्हटलं, 'रिकामे' जरा सौम्य वाटेल."

शैलजा त्यांच्याकडे बघतच राहिली. पाच आठवडे तिने आरशात स्वतःला विचारलं होतं, की मी इतकी का नकोशी होते. "सौम्य?" ती ओरडली. "काय सौम्य आहे हो त्यात?"

नसीमाबाई पडद्याकडे वळल्या. त्यांनी दोन्ही डब्या शेजारी शेजारी उघडल्या.

पहिलीत नाव होतं शैलजा. दुसरीतही शैलजा.

पहिल्या डबीत चार हजारांवर पुड्या होत्या. पहिला दात, गोवर, सायकलच्या दांडीवरची छोटी गादी, बारावीचा निकाल. शेवटी एक चेहरा होता, बावीस वर्षांचा. त्यापुढे घटना नव्हत्या, पण माया साचतच गेली होती, वर्षानुवर्षं, अगदी कोठीपत्र लिहिलं त्या दिवसापर्यंत. दुसऱ्या डबीत पुड्या अकरा. गुरुवारी येते. डबा आणते. आमटी अळणी असते. नवरा बरा आहे. गुडघा दुखतो म्हणते.

"दुसरं कुणी नाही," नसीमाबाई म्हणाल्या. "दोन्ही तुम्हीच. त्यांच्या लेखी गेलेली मुलगी परत आलीच नाही. नंतर जी आली, तिच्यासाठी त्यांनी वेगळी डबी केली."

शैलजा ढसाढसा रडली. मग पदराने नाक पुसून म्हणाली, "भरा दोन्ही."

"वेळ नाही. एक डबी भरली की तिला मुरायला तीन तास लागतात. तोवर दुसरीला हात लावता येत नाही. दोन वाजायला आलेत." त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. "पहिल्या आठवड्यात कळलं असतं, तर दोन्ही भरता आल्या असत्या."

"मग दोन्ही एकात घाला. एकच करून टाका."

"तसं केलं तर ती माझी आठवण होईल ताई, त्यांची नाही. जे त्यांनी जोडलं नाही, ते मी कसं जोडू?"

"मग तुम्हीच सांगा, कुठली?"

"दुसरी भरली तर ते तुम्हाला ओळखतील. बस म्हणतील, गुडघ्याची चौकशी करतील. त्याहून जास्त काही त्या डबीत नाही. पहिली भरली तर सगळी माया परत येईल. पण तिच्यातला चेहरा बावीसचा आहे."

शैलजाने खिडकीच्या काचेत आपला एकोणपन्नास वर्षांचा चेहरा पाहिला. पांढऱ्या बटा, डोळ्यांखालची काळी वर्तुळं.

"चेहऱ्याचं काय घेऊन बसलात?" ती एकदम चिडून म्हणाली. "बापाला स्वतःची मुलगी ओळखू यायची नाही होय? इतकी माया आहे तिथे. पहिली भरा."

नसीमाबाई काहीतरी बोलणार होत्या. पण आज त्यांना बोलायला तोंड उरलं नव्हतं. त्यांनी यंत्राला वाट सांगितली: घर, घरात मूल, मुलांतलं पहिलं. या वेळी रिकामे आलं नाही.

पाच वाजून दहा मिनिटांनी पद्माकरांनी डोळे उघडले. शैलजा खाटेला खेटून बसली होती. ते खोलीभर बघत होते, काहीतरी शोधत होते, आणि चेहऱ्यावर असं हसू होतं की शैलजाने ते सत्तावीस वर्षांत पाहिलं नव्हतं. त्यांची नजर तिच्यावर आली.

"अहो बाई," ते म्हणाले, "तुम्ही इथल्याच का?"

दारात उभ्या नसीमाबाईंनी मान खाली घातली.

"हो," शेवटी शैलजा म्हणाली.

"मग माझं एवढं काम करा. आमची शैला बाहेर उभी असेल. मला घाबरून आत यायची नाही ती. तिला सांगा, बाबा रागावलेले नाहीत म्हणावं. तो पोरगा आवडलाय ना, मग कर लग्न. मी येतो अक्षता टाकायला." त्यांनी तिचा हात धरला, परक्या माणसाला विनवताना धरतात तसा. "सांगाल ना? मला स्वतःला उठता येत नाही हो."

"सांगते, काका."

"आत्ताच जा. फार उतावळी आहे ती, निघून जाईल."

शैलजा उठली. दार ओढून घेऊन ती बाहेर आली. व्हरांड्यात एका ओळीत चार खुर्च्या होत्या, चारही मोकळ्या. ती भिंतीला टेकून उभी राहिली. बरीच मिनिटं गेली. मग तिने तोंड धुतलं, केस सारखे केले आणि परत आत गेली.

पद्माकर मान उंचावून दाराकडेच बघत होते.

"काय म्हणाली?" त्यांनी विचारलं.