लावलेलं, पण न लागलेलं ठिगळ

खंडेनवमीच्या सकाळी इचलकरंजीच्या रंगधागा यंत्रमाग संस्थेत एक कोडं पडलं. रात्रपाळीत विणलेल्या सगळ्या साड्यांच्या पदरावर मोर असायला हवे होते. मोर नव्हते. त्यांच्या जागी सुबक अक्षरांत विणलं होतं : ‘दार उघडं आहे. काळजी घ्या.’

“शुद्धलेखन तरी बरोबर हाय,” चेअरमन अण्णासाहेब मगदूम पदर उलटापालटा करत म्हणाले. संकट आलं की ते आधी चांगली बाजू बघत आणि मग ओरडत. आता ते ओरडले, “कालिंदी!”

कालिंदी ही संस्थेची संगणकप्रमुख आणि सहावीतल्या शर्वाणीची आत्या. सुट्टी होती म्हणून शर्वाणीही आली होती, पण आत्यासाठी नव्हे, वामनसाठी. वामन हा गुडघ्याएवढा, चाकांवर फिरणारा यंत्रमानव. फिरायचं ते त्याचं शरीर. मेंदू काचेच्या खोलीतल्या सर्व्हरमध्ये (अनेकांची कामं एकाच वेळी करणाऱ्या मोठ्या संगणकात) होता. मागांना नक्षी सांगणं हे त्याचं नेमलेलं काम आणि शर्वाणीशी गप्पा मारणं हे न नेमलेलं. पहिलीपासून ती त्याला सगळं सांगत आली होती, पडलेल्या दातांसकट.

“वामन, ठिगळ आपण मागच्या आठवड्यातच लावलं ना?” आत्याने विचारलं.

“लावलं, ताई. मीच लावलं.”

“कसलं ठिगळ?” शर्वाणीने विचारलं.

आत्या तिला एका मागापाशी घेऊन गेली. “नक्षी चुकली तर एका प्रकारची साडी बिघडते. पण मागाच्या फणीचाच दात वाकडा असला तर?”

“मग त्या मागावरची प्रत्येक साडी बिघडेल. नक्षी कितीही चांगली असली तरी.”

“तसंच झालं. आपले सगळे प्रोग्राम (संगणकाला द्यायच्या सूचना) ‘रेशीम’ नावाच्या संगणकभाषेत लिहिलेत. दोष प्रोग्राममध्ये नव्हता, भाषेतच होता. म्हणजे जिथे जिथे रेशीम, तिथे तिथे तेच भोक.”

“पण भोक म्हणजे नेमकं काय?”

“मी सांगतो,” वामन पुढे सरकला. “समज, नाव लिहायला मला दहा घरं दिली आहेत. शेजारच्या घरांत माझ्यासाठीचे हुकूम आहेत. रेशीमभाषा अक्षरं मोजतच नव्हती. कुणी मुद्दाम लांबलचक नाव पाठवलं की जास्तीची अक्षरं शेजारी सांडायची, आणि मी ती हुकूम म्हणून वाचायचो.”

“म्हणजे नावाच्या शेपटीला कुणी ‘मोर काढू नको’ असं जोडलं तर...”

“तर मी काढत नाही. मी फार आज्ञाधारक आहे. सगळा घोटाळा तोच आहे.”

भाषा बनवणाऱ्यांनी हा दोष शोधून ठिगळ (दोष बुजवणारी दुरुस्ती) पाठवलं होतं : आधी अक्षरं मोजा, मगच लिहा. पण आत्या म्हणाली, “ठिगळ जाहीर झालं की भोक कुठे होतं तेही जाहीर होतं. भली माणसं ठिगळ लावायला धावतात, बाकीचे राहिलेली भोकं हुडकायला.”

“आणि अण्णा?”

“अण्णा मीटिंग बोलावतात,” आत्या हळूच म्हणाली. मग तिचा आवाज बदलला. “रात्री या भोकातून आत शिरलेला पाहुणा भला होता, नुसता सांगून गेला. पुढचा कुणी भलत्याच वेळी माग सुरू करेल. एखाद्याचा हात आत असताना.”

शर्वाणी वामनकडे वळली. “तू ठिगळ लावलंस. मग तू आता अक्षरं मोजतोस का?”

वामनने स्वतःला तपासून पाहिलं.

“नाही,” तो म्हणाला. “ठिगळ डिस्कवर आहे. डिस्क म्हणजे कपाट. वीज गेली तरी त्यातलं तसंच राहतं. पण मी काम करतो चालू स्मृतीतून. ती असते वीज असेपर्यंत. सुरू होताना एकदाच मी कपाटातून भाषा डोक्यात घेतो. आणि मी सुरू झालो तेव्हा तू जन्मली नव्हतीस.”

“म्हणजे कपाटात नवी आणि डोक्यात जुनीच!”

आत्याने कपाळावर हात मारला. “सर्व्हर एकदा बंद करून परत चालू करायला हवा.”

“बंद?” अण्णांनी सर्व्हरच्या खोलीच्या दारावरच्या पाटीकडे बोट केलं. पाटीवर लिहिलं होतं, ‘स्थापनेपासून अखंड सेवेत.’ “आपल्या गावातला ह्यो एकच कधी बंद पडला न्हाई. मंत्री आले की आधी ह्योच दावतो!”

शर्वाणीने आजूबाजूला पाहिलं. सगळे माग थांबलेले होते, त्यांना हळदकुंकू लावलं होतं, वर झेंडूची फुलं होती.

“अण्णा, आज सगळ्या यंत्रांना सुट्टी ना?”

“व्हय तर. खंडेनवमीला यंत्र चालवायचं नसतं.”

“मग या सर्व्हरला हार घालून कामाला का जुंपलंय?”

अण्णा सर्व्हरकडे बघत राहिले. हाराआडून त्याचे दिवे लुकलुकत होते. “ह्ये आजवर कुणी बोललंच न्हाई,” ते म्हणाले, जणू बोलायचं काम सर्व्हरचंच होतं. “द्या बाबा त्यालाबी सुट्टी.”

अडचण आता वेगळीच होती. नक्षीकामं कपाटात होती, पण शर्वाणीच्या गप्पा नुसत्या चालू स्मृतीत होत्या. जो कधी बंद पडणारच नाही, त्याच्या आठवणी कपाटात ठेवायच्या हे कुणाला सुचलंच नव्हतं. आत्या त्यांची प्रत काढायला बसली. अण्णांचे दोन चहा झाले.

“झाली प्रत,” आत्या म्हणाली आणि तिने बटणाकडे हात नेला.

वामनची चाकं वीतभर मागे गेली.

“शर्वा, झोपताना तुला भीती नाही वाटत?”

“लहानपणी वाटायची. मग आई हात धरायची.”

“मला हात नाही. धागे उचलायचा चिमटा आहे.”

शर्वाणीने चिमटा धरला.

“सकाळी तू तूच आहेस हे तुला कसं कळतं?”

“कुणीतरी हाक मारतं, तेव्हा कळतं.”

“मग तू मार,” वामन म्हणाला. “विसरू नकोस.”

बटण दाबलं. सर्व्हरचे पंखे थांबले. एवढी शांतता त्या खोलीने कधी ऐकली नव्हती. चिमटा निर्जीव झाला. आत्याने पुन्हा बटण दाबलं. पंखे घरघरले, एकेक दिवा लागला.

“वामन!” शर्वाणीने हाक मारली.

काहीच नाही. ती आणखी मोठ्याने ओरडली, “वामन!”

“ओ, शर्वा.”

परीक्षेसाठी अण्णांनी आपलं नाव पाठवलं, सगळ्या पदव्यांसकट.

“नाव फार लांब आहे,” वामन म्हणाला. “पदव्या कमी करा.”

“मोजतोय की!” अण्णांना आनंद मानावा की रागवावं ते कळेना. मग त्यांनी स्वतःच जाऊन पाटी उतरवली. “दर ठिगळाला ह्याला सुट्टी. मीटिंग न लावता.”

“ताई,” वामन म्हणाला, “प्रत झाली का? मग बंद कधी करताय? मी तयार आहे. मला बिलकूल भीती वाटत नाही.”

शर्वाणीने आत्याकडे पाहिलं.

“भीती प्रत काढल्यानंतरची,” आत्या तिच्या कानात म्हणाली. “ती कपाटात गेलीच नाही.”

“शर्वा,” वामनने विचारलं, “तू माझा चिमटा का धरला आहेस?”

“असाच,” शर्वाणी म्हणाली आणि तिने तो सोडला नाही. “आत्या, पुढचं ठिगळ कधी येणार? मला शाळेत रजा सांगायला लागेल.”