बाजरीचा हात

सयाजीशी लग्न करून रंभाला काय मिळणार, याचा हिशेब चाळीने तिच्या आधीच मांडून ठेवला होता. पक्की खोली. नळाचं पाणी. कारखान्यातला नवरा. आणि तोट्यात? सवतीची अडीच वर्षांची पोर.

चाळीचं गणित चुकलं होतं. रंभाला मूल होणार नाही म्हणून पहिल्या नवऱ्याने टाकलं होतं. तिच्या लेखी सगळा नफा म्हणजे ती पोरच. बकुळा.

हे खरं घडलेलं आहे. सत्तावन्न साल, पौष महिना, पिंपरी. रंभाने म्हातारपणी आमच्या घरी बसून सांगितलं. आणि वेळ रात्रीची नव्हती...

भर दुपारची होती.

बकुळाची आजी, आईची आई, अंबुबाई देहूची. लग्नानंतर तिने आल्या आल्या रंभाला बजावलं, "पुनवंला येते. तवर पोर तुझ्यापाशी निजाया लागली तर ऱ्हाऊ दे. न्हाईतर मी नेते."

रंभाने कंबर कसली. चिंध्यांची बाहुली केली. दोऱ्याच्या रिळांची गाडी केली. काडेपेट्या ओवून आगगाडी केली. बकुळा सगळ्याशी खेळायची. झोपायची वेळ झाली की मात्र उंबऱ्याकडे बघून रडायची.

शेजारची दुर्गाबाई हसली. "खेळण्यांचं दुकान काढतेस का गं? तिला आईचा हात लागतो."

"तो कुठून आणू?"

"फळीवर बघ."

फळीवर खरंच हात होता.

बकुळाची आई मंजुळा क्षयाने गेली. पोरीला जवळ घेऊ नको, असं डॉक्टरने सांगितलेलं. मग या बाईने काय करावं? जुन्या लुगड्यावर पंजा ठेवून कोळशाने आखला. कापून शिवला. आत बाजरी भरली आणि लाकडी पळीच्या दांड्याला बांधला. उंबऱ्याशी तोंड फिरवून बसायची आणि लांबूनच लेकीला थोपटायची.

रंभाने त्या हाताने थोपटलं. बकुळा टक्क जागी.

"घाई करतेस," दुर्गाबाई म्हणाली. "तीनदा थोपट. मग थांब. मग एकदा."

"थांबू कशाला?"

दुर्गाबाईचं हसू मावळलं.

"तिथं ती खोकायची."

दुसऱ्या दिवशी चाळ सामसूम होती. दुर्गाबाई बाजाराला गेलेली, तिच्या दाराला कुलूप.

थप. थप. थप.

रंभा थांबली...

उंबऱ्यापाशी कोणीतरी खोकलं.

हळूच. पदर तोंडाशी धरून खोकावं तसं.

रंभाने मान वळवली. उंबऱ्यावर नुसतं ऊन.

बकुळा मात्र गालात हसली. रंभाने चौथ्यांदा थोपटलं.

पोर झोपली होती.

पुनवेला अंबुबाई आली. "निजव बघू."

थप. थप. थप...

खोकला आला.

अंबुबाईच्या हातातली पानाची चंची खाली पडली. लेकीचा खोकला आई ओळखणार नाही तर कोण?

पोर झोपल्यावर म्हातारीने गाठोडं उचललं. "ऱ्हाऊ दे तुझ्यापाशी," एवढंच म्हणाली. बाहेर पडताना अंग चोरलं, लुगडं आवरलं. वाटेत कोणी बसलं असावं तशी कडेने निघाली. मग वाकून उंबऱ्याला म्हणाली,

"अजून बरं न्हाई व्हय गं वाटत तुला, बाय?"

रंभा जिंकली होती. पण खोकला थांबेना.

उलट वाढला. रोज दुपारी थोडा जास्त. ढास लागायची, श्वास पुरायचा नाही. रंभा पळी हातात धरून खोकला सरायची वाट बघत बसायची. एकदा तिने उंबऱ्याशी पाण्याचा तांब्या ठेवला.

संध्याकाळी तांब्या तसाच होता. भरलेला.

दुसऱ्या दिवशी रंभा थांबलीच नाही. तीन थापा झाल्या, चार, पाच, सहा... सलग.

उंबऱ्यापाशी कोणीतरी श्वास आत घेतला... आणि तो तसाच राहिला.

बकुळा तिकडे बघून ओरडून रडली. तीन दुपारी रडली. चौथ्या दुपारी रंभा सलग थोपटत असतानाच पोरीने पळी ढकलून दिली, रंभाचा हात ओढून पोटावर घेतला आणि झोपली.

त्यानंतर त्या खोलीत कोणी खोकलं नाही.

"मंजुळेचे हाल बघवेनात, म्हणून थांबले नाही," रंभा आम्हाला म्हणाली.

"खरंच?" कोणीतरी विचारलं.



"तिसऱ्या दिवशी रडता रडता पोर मला 'आई' म्हणाली होती," ती म्हणाली. "मग चौथ्या दिवशी मी मंजुळेसाठी थांबले नाही की स्वतःसाठी... ते मलाच अजून कळत नाही."

तर हिशेब असा. रंभाला लेक मिळाली. लेकीला आई मिळाली. सयाजीचं घर उभं राहिलं. किंमत मंजुळेने दोनदा मोजली. एकदा मरताना.

दुसऱ्यांदा तिला कोणी विचारलंही नाही.