कापसाच्या खोलीतली काळी पोत

वरवट बकालात भुताला न भिणारा मर्द एकच, शालिग्राम. हे सांगणाराही एकच, आणि तोही शालिग्रामच. पारावर बसून छाती ठोकायचा, “भूत मले पाहून रस्ता बदलते,” आणि कोणी हसायच्या आत आपणच पुढचं ओकून टाकायचा, की अंधार पडल्यावर मागच्या अंगणात जायचं तर बायकोला उठवून सोबत न्यावं लागतं. भूत रस्ता बदलतं ते पुष्पाबाईला पाहून.

थट्टेची खोड सत्तरीतही गेली नव्हती. जावयाच्या चपला लपव, किराणावाल्याला त्याच्याच दुकानाचा पत्ता विचार. एकदा तर डोळे वर फिरवून खाटेवर मरून पडला होता. पुष्पाबाईनं चहाची कपबशी उशाशी ठेवली आणि सांगितलं, साय धरते, काय मरायचं ते लवकर मरा. तेव्हापासून त्यानं घरात काही गंभीर तोंड करून सांगितलं, की ती आधी चहा ठेवायची.

वैशाखातली दुपार होती. कालची अख्खी दुपार शालिग्रामनं पारावर छाती ठोकण्यात घालवली होती, आज तो घरीच होता. अंगणात शेवयांची खाट मांडून बसलेल्या पुष्पाबाईनं ताकाचा गिलास त्याच्या हाती दिला आणि सुनेला नेऊन द्यायला सांगितलं.

सून समता तालुक्याच्या दवाखान्यात एक्स-रे काढायची. तिथं बायकांच्या छातीची गाठ शोधायची मशीन येणार होती, मॅमोग्राफी म्हणतात ती. मशीन यायच्या आधी समताला इंटरनेटवरचा एक कोर्स पुरा करायचा होता. त्यातले फोटो अंधारात पाहावे लागतात, नाहीतर त्यातलं बारीक काही दिसत नाही. आणि भर वैशाखात अंधार होता तो फक्त कापसाच्या खोलीत. भाव येईना म्हणून यंदाचा कापूस तिथंच छतापर्यंत पडून होता, खिडकी त्यानं केव्हाच गिळली होती. त्या ढिगाच्या पायथ्याशी टेबल मांडून, कानात हेडफोन घालून समता सुट्टीच्या दिवशी अभ्यास करायची.

शालिग्रामनं दार हळूच लोटलं. सून पाठमोरी. एवढी सोन्यासारखी संधी सोडेल तो शालिग्राम कसला. ताक उंबऱ्यापाशी ठेवलं, कापसाचा एक मोठा पुंजका डोक्यावर घेतला आणि ढिगात कमरेपर्यंत शिरला. योग्य वेळ आली की हुं करायचं, असा बेत.

पण कापसात शिरल्यावर आवाज मरतात. अंगणातली शेळी, शेजारची मोटर, खाटेवर पुष्पाबाईच्या बांगड्या, एकेक करून सगळं विझत गेलं. उरला तो आपलाच श्वास. धुळीचा, सरकीच्या तेलाचा, उन्हात वाळलेल्या कपड्यासारखा ऊबदार वास. समोर पडद्याचा उजेड, आणि तो कापसावर पडून सगळी खोली चांदण्यात बुडाल्यासारखी झालेली.

पडद्यावर एकामागून एक फोटो येत होते. जगात कुठल्या कुठल्या बायकांचे, नाव पुसलेले. समता कुठंतरी बोट ठेवायची; बरोबर असेल तर हिरवं वर्तुळ उमटायचं, चुकलं तर लाल. मग खाली एक बटण, ‘पुढे काय झालं’. ते दाबलं की त्या बाईचं पुढचं दोन ओळीत कळायचं. ऑपरेशन झालं, बरी आहे. उशीर झाला होता. गाठ साधी निघाली.

शालिग्राम चौथी शिकलेला, पण त्याला ते सगळं कळल्यासारखं वाटत होतं. आधी त्याला लाज वाटली, सुनेचा अभ्यास असला कसला म्हणून. मग लाज गळून पडली, कारण तिथं बाई दिसतच नव्हती. दिसत होता मुलूख. सातपुड्यावर उतरलेलं धुकं, त्यातून फुटत गेलेले नाले, नाल्याकाठी मुळ्या, मुळ्यांच्या टोकाशी फुटू पाहणारं बोंड. पापण्या जड झाल्या. आपण त्या पांढऱ्या मातीवरून अनवाणी चाललो आहोत, माती कोमट आहे, आणि कुठंतरी खोल पाणी हळूहळू हलतंय, असं त्याला वाटत राहिलं. हुं करायचं राहूनच गेलं.

समतानं हेडफोन काढला. मान न वळवता म्हणाली, “मामाजी… बाहेर या. मले माहीत हाये तुम्ही तिथं हाये.”

तो कापूस झटकत पुढं आला. सून हसली नाही, रागावलीही नाही.

“हे तुम्ही केलं का?”

पडद्यावर नवा फोटो होता. तोच धुक्याचा मुलूख, पण वरच्या कोपऱ्यात, खांद्याच्या बाजूला, मण्यांची एक ओळ लख्ख पांढरी उमटली होती आणि तिच्या टोकाला दोन वाट्या. काळी पोत. समतानं हळू आवाजात सांगितलं, की इकडच्या बायका एक्स-रेच्या वेळी पोत काढत नाहीत. मालक जिवंत असताना गळा उघडा कसा ठेवायचा म्हणतात, मागं खांद्यावर टाकतात, नाहीतर दातात धरतात. किती सांगितलं तरी फोटोत येतेच. पण हा कोर्स साता समुद्रापलीकडचा. तिकडच्या बाईच्या गळ्यात पोत कुठून येईल?

शालिग्राम वाकून पाहत राहिला. एका वाटीची कड चेपलेली होती. लहानपणी दात येताना दीपकनं चावून चेपलेली. समताच्या नवऱ्यानं.

“पुष्पीची हाये…”

“आत्याबाई होळीपासून गावाबाहेर गेल्या नाहीत, मामाजी. त्यांचा फोटो कोणी काढला?”

त्याला साधा मोबाईलवर फोटो धाडता येत नव्हता, हे दोघांनाही ठाऊक होतं. समतानं धुक्यातल्या एका ठिपक्यावर बोट ठेवलं. ज्वारीच्या दाण्याएवढा, कडा काटेरी. हिरवं वर्तुळ उमटलं. मग तिनं खालचं बटण दाबलं. पुढे काय झालं.

पान कोरं आलं. कोर्स संपल्यावर येतं तसं नाही. कोणी अजून लिहायचं आहे, अशी वाट पाहत असलेलं कोरं. मग नेट गेलं, आणि परत आलं तेव्हा तो फोटो कुठंच नव्हता.

समता म्हणाली, दाणा लहान आहे, आत्ताच तपासलं तर काही बिघडलं नाही. आपल्या दवाखान्यात मशीन यायला वेळ आहे, तोवर उद्याच अकोल्याला नेऊ. पण या वयात एकदा छाती तपासून घ्या म्हणून चार महिने ती सासूच्या मागं लागली होती, आणि सासू कुठल्याही दवाखान्याचं नाव काढू देत नव्हती. “तुम्ही सांगा,” ती म्हणाली. शालिग्राम तेव्हा खरा भ्याला. जन्मभर सगळ्यांना उल्लू बनवलं, आता खरं बोलायची पाळी आली आणि ऐकणारी ती, जी त्याच्या मरणालाही चहा ठेवते.

बाहेर ऊन पांढरंफटक होतं. पुष्पाबाई शेवया पसरत होती. तो तिच्या समोर जमिनीवरच बसला. डोक्यावर कापूस तसाच. कसाबसा बोलला; पोत, वाटी, ज्वारीचा दाणा, कोरं पान, सगळं उलटसुलट. दीपकची शपथ घेतली.

पुष्पाबाई चहा ठेवायला उठली नाही. शेवयांवरून हात न काढता तिनं त्याच्याकडे पाहिलं, मग पदर सावरला. तेव्हा त्याला दिसलं, की तिची पोत पुढं नव्हती. मागं पाठीवर टाकलेली होती.

“उद्या जाऊ, पुष्पे. मी येतो संगं… हात जोडतो.”

“पुन्हा काऊन?” ती म्हणाली. “काल दुपारी नेलं ना मले तुम्हीच. हाताले धरून, त्या कापसाच्या खोलीतून. थंडगार मशीन होती, अंधार होता. जाता येता एक शब्द नाई बोलले तुम्ही, एक थट्टा नाई, म्हणून तर आली मी मुकाट… आता या बडबड्यासंग काऊन येऊ?”